हार्मोन, कॅल्शियम आणि यकृतातली एन्झाइम्स: चोपड्याहून आलेल्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

चोपड्याहून जीवरसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला असलेल्या एका विद्यार्थिनीने दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली अभ्यासातली. ग्लुकागॉन (उपाशीपोटी वाढणारं हार्मोन) यकृताच्या पेशीत सायक्लिक ए.एम.पी. (हार्मोनचा निरोप पेशीच्या आत नेणारा लहान रेणू) वाढवतं, अ‍ॅड्रेनॅलिन आणि व्हॅसोप्रेसिन (अंगातलं पाणी राखणारं हार्मोन) कॅल्शियम वाढवतात, आणि तिघांमुळे शेवटी ग्लायकोजनच (यकृतात साठवलेली साखर) तुटतं. मग यकृताला इतके मार्ग लागतात कशाला? दुसरी घरातली. आजीच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम कमी आणि एस.जी.पी.टी. थोडं वाढलेलं आलं आहे. कॅल्शियम कमी पडल्यामुळे आजीच्या यकृतातली एन्झाइम्स बिघडली असतील का?

आधी आजीचं घेतो, कारण पुस्तक थांबू शकतं.

रक्तातलं कॅल्शियम आणि पेशीतलं कॅल्शियम यांचा गोंधळ फार जण करतात, आणि त्यात विद्यार्थ्यांचा दोष कमी, शिकवणाऱ्यांचा जास्त. रक्तात मोकळं, म्हणजे आयन स्वरूपातलं कॅल्शियम साधारण १.२ मिलिमोलर असतं. यकृताची पेशी शांत असताना तिच्या पेशीद्रवात ते १०० ते २०० नॅनोमोलरच्या आसपास असतं. म्हणजे बाहेर आतल्यापेक्षा जवळजवळ दहा हजार पट जास्त. आजीचं रक्तातलं कॅल्शियम वीस टक्क्यांनी उतरलं असं धरलं, तरी हा फरक आठ हजार पटींचा उरतोच. शिवाय हार्मोन आल्यावर पेशीत जी पहिली उसळी येते ती रक्तातून येतच नाही, पेशीच्या आतल्या साठ्यातून येते. रक्तातलं कॅल्शियम खरोखर घटलं तर त्याचा त्रास आधी नसांना आणि स्नायूंना होतो: ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या, हातापायांत गोळे, ईसीजीत बदल. यकृत ही तक्रार करत नाही.

उलट संबंध मात्र असू शकतो. रिपोर्टमध्ये बहुधा एकूण कॅल्शियम दिलेलं असतं आणि त्यातलं सुमारे चाळीस टक्के अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेलं असतं. अल्ब्युमिन तयार करतं यकृत. यकृत आजारी असेल किंवा म्हातारपणी खाणं कमी झालं असेल, तर अल्ब्युमिन घटतं आणि मोकळं कॅल्शियम नीट असूनही एकूण आकडा कमी दिसतो. ढोबळ नियम असा, की अल्ब्युमिन दर डेसिलिटरला ४ ग्रॅमच्या खाली जितके ग्रॅम असेल, त्या प्रत्येक ग्रॅममागे कॅल्शियममध्ये ०.८ मिलिग्रॅम मिळवायचं. कॅल्शियम ७.९ आणि अल्ब्युमिन २.८ असेल तर दुरुस्त आकडा साधारण ८.९ होतो, आणि ८.५ ते १०.५ या नेहमीच्या पट्ट्यात तो बसतो. ड जीवनसत्त्वावरची पहिली प्रक्रियाही यकृतातच होते. आपल्या जळगाव-भुसावळच्या उन्हात ड जीवनसत्त्व कमी कसं, असं लोक विचारतात. पण घरात बसलेल्या, डोक्यावर पदर असलेल्या म्हाताऱ्या बाईच्या कातडीपर्यंत ते ऊन पोचतं किती?

आणि एस.जी.पी.टी. हे एन्झाइम यकृताच्या पेशीत असतं. पेशीला इजा झाली की ते बाहेर झिरपून रक्तात येतं. रिपोर्टमधला वाढलेला आकडा म्हणजे ते एन्झाइम आत जोरात काम करतंय असा अर्थ होत नाही. म्हणून आजीला डॉक्टरांकडे नेशील तेव्हा अल्ब्युमिन, आयन कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, आणि गरज वाटली तर पॅराथायरॉइड हार्मोन या तपासण्यांबद्दल विचार. एस.जी.पी.टी.चं कारण वेगळं शोधावं लागेल; चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर ने, काढे-चूर्णंसुद्धा. यकृत सुधारावं म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या मनाने सुरू करू नकोस.

आता तुझा मुख्य प्रश्न. तिघांचा शेवट एकच आहे, हे गृहीतच मला अर्धवट वाटतं. ग्लायकोजन तुटतं हे खरं, पण त्याच वेळी पेशीत आणखी काय काय बदलतं ते तिन्ही वेळा वेगळं असतं. तिथवर जाण्याआधी हा विषय उलगडला कसा ते थोडं सांगतो, कारण त्या इतिहासात कॅल्शियम दोनदा दाराआडून आलं आहे.

१९५०च्या दशकात अर्ल सदरलँड आणि थिओडोर रॉल यकृताच्या कुटलेल्या पेशींवर काम करत होते. पेशीपटलाच्या तुकड्यांना ग्लुकागॉन किंवा अ‍ॅड्रेनॅलिन दिलं की एक लहानसा पदार्थ तयार होई. तो उकळला तरी नासत नसे, आणि पेशीद्रवात मिसळला की फॉस्फोरायलेज, म्हणजे ग्लायकोजन तोडणारं एन्झाइम, जागं होई. तो पदार्थ म्हणजे सायक्लिक ए.एम.पी. सदरलँडना १९७१चं नोबेल त्यासाठीच मिळालं. त्याच दशकात सिएटलला एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर सशाच्या स्नायूतलं फॉस्फोरायलेज शुद्ध करत होते. आधीच्या पद्धतीत स्नायूचा अर्क गाळणकागदातून गाळत, तेव्हा एन्झाइमचं कार्यक्षम रूप मिळे. यांनी कागद सोडून सेंट्रिफ्यूज वापरलं, तर मिळालं फक्त निष्क्रिय रूप. शोध घेतल्यावर कळलं की कागदात कॅल्शियमचा अंश होता आणि त्याने फॉस्फोरायलेजला फॉस्फेट जोडणारं एन्झाइम चालू होत होतं. माझ्या मते जीवरसायनशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत हवी. प्रयोगातली निरुपद्रवी वाटणारी वस्तू कधी कधी सगळं उत्तर धरून बसलेली असते.

पुढे १९७०च्या दशकात दिसलं की प्रौढ उंदराच्या यकृतात अ‍ॅड्रेनॅलिनने ग्लायकोजन तुटतं, पण त्यासाठी सायक्लिक ए.एम.पी. वाढावंच लागत नाही. अल्फा रिसेप्टर, म्हणजे हे हार्मोन धरणारी पेशीवरची एका जातीची प्रथिनं, अडवले की परिणाम बंद. मग निरोप नेतो कोण? १९८३ साली स्ट्रेब, अर्विन, बेरिज आणि शुल्झ यांनी स्वादुपिंडाच्या पेशींत दाखवलं की इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट, म्हणजे आपण ज्याला आय.पी.-थ्री म्हणतो ते, पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडवतं. यकृताच्या पेशीतही तेच घडतं हे लगोलग सिद्ध झालं.

साखळी अशी आहे. अ‍ॅड्रेनॅलिन किंवा नॉरअ‍ॅड्रेनॅलिन अल्फा-वन रिसेप्टरवर, व्हॅसोप्रेसिन व्ही-वन-ए वर, अँजिओटेन्सिन एटी-वन वर बसतं. तिघांच्याही मागे जीक्यू नावाचं जी-प्रथिन असतं. ते फॉस्फोलायपेज सी या एन्झाइमला चालना देतं, ते पेशीपटलातल्या एका फॉस्फोलिपिडचे दोन तुकडे करतं. एक तुकडा आय.पी.-थ्री, तो पेशीद्रवात सुटतो. दुसरा डायअसिलग्लिसरॉल, तो पटलातच राहून प्रोटीन कायनेज सी ला बोलावतो. आय.पी.-थ्री एंडोप्लाज्मिक रेटिक्युलम या पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्यावरच्या आपल्या रिसेप्टरला चिकटतं, तिथली वाट उघडते आणि साठ्यातलं कॅल्शियम पेशीद्रवात येतं. आकडा १०० नॅनोमोलरवरून ५०० ते १००० पर्यंत चढतो. लगेच सर्का नावाचा पंप ते साठ्यात परत ओढू लागतो, पेशीपटलावरचा पंप थोडं बाहेर फेकतो. साठा रिता झाल्याची खूण पेशीपटलाला मिळते आणि बाहेरचं कॅल्शियम आत येऊन तो भरला जातो. रक्तातल्या कॅल्शियमचा संबंध येतो तो इथे, साठा भरून काढण्यापुरता.

पाठ्यपुस्तकं इथे थांबतात. खरी मौज इथून पुढे आहे.

पूर्वी लाखो पेशी एकत्र घेऊन मोजमाप व्हायचं, आणि आलेखावर दिसे एक चढ आणि मग हळू उतरणारं पठार. १९८६ साली वुड्स, कथबर्टसन आणि कॉबोल्ड यांनी उंदराच्या यकृताच्या एकेका पेशीत एक्वोरिन टोचलं. एक्वोरिन हे जेलीफिशमधलं प्रथिन, कॅल्शियम मिळालं की प्रकाश देतं. तेव्हा दिसलं की पठार वगैरे काही नाही. कॅल्शियम उसळतं, खाली येतं, थांबतं, पुन्हा उसळतं. दोन उसळ्यांमधलं अंतर वीस-तीस सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत. हार्मोन वाढवलं की उसळी उंच होत नाही. उसळ्या लवकर लवकर येतात. प्रत्येक पेशीची वेळ वेगळी, म्हणून लाखोंची सरासरी काढली की उसळ्या पुसल्या जाऊन पठार उरतं.

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत ठिबक चालवणाऱ्या शेतकऱ्याला हे पटकन समजेल. झाडाला जास्त पाणी हवं म्हणून तो नळीतला दाब वाढवत नाही, तो पाळ्या वाढवतो. यकृताची पेशी हार्मोनचं प्रमाण असंच मोजते. याचा फायदा मोठा आहे. कॅल्शियम सतत वर राहिलं तर पेशी मरते. प्रथिनं तोडणारी, पटल फोडणारी एन्झाइम्स चालू होतात, मायटोकॉन्ड्रिया कोलमडतात. उसळ्यांची भाषा वापरल्यामुळे निरोप कितीही जोराचा असला तरी पेशी सुरक्षित राहते.

उसळ्या होतात कशा, याचं मुख्य कारण आय.पी.-थ्री रिसेप्टरच्या स्वभावात आहे. थोडं कॅल्शियम मिळालं की तो आणखी उघडतो, म्हणून एका जागी सुरू झालेली उसळी क्षणात पेशीभर पसरते. कॅल्शियम फार झालं की तोच रिसेप्टर बंद होतो. मग पंप साठा भरतात आणि पुढची पाळी येते. तुझ्या परीक्षेत ‘उसळीचा उंचवटा कायम का राहतो’ असं विचारलं तर उत्तर इथे शोध. प्रत्येक उसळी स्वतःच स्वतःला वाढवत नेते आणि स्वतःच बंद करते; हार्मोन फक्त ती किती वेळाने सुटेल ते ठरवतं.

आता एन्झाइम हे वाचतं कसं? फॉस्फोरायलेज कायनेजकडे, म्हणजे गाळणकागदाच्या गोष्टीतल्या त्या फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमकडे बघ. सोळा तुकड्यांचं, जवळजवळ तेरा लाख डाल्टनचं हे अवाढव्य एन्झाइम. त्यातले चार तुकडे म्हणजे कॅल्मोड्युलिन, कॅल्शियम धरणारं प्रथिन. एरवी कॅल्मोड्युलिन कॅल्शियम आल्यावर एखाद्या एन्झाइमला जाऊन भेटतं. इथे ते कायमचं जोडलेलं असतं. म्हणून उसळी आली की वेळ न दवडता कायनेज चालू होतं आणि फॉस्फोरायलेजच्या चौदाव्या जागेवरच्या सेरीनला फॉस्फेट जोडतं. उसळी उतरली की कायनेज थंडावतं. पण फॉस्फेटेजला तो फॉस्फेट काढायला वेळ लागतो. पुढची उसळी त्याआधी आली तर फॉस्फोरायलेज चालूच राहतं. उशिरा आली तर मधल्या काळात विझतं. उसळ्यांच्या अंतराचं रूपांतर एन्झाइमच्या कार्यक्षमतेत होतं ते असं.

त्याच कायनेजच्या अल्फा आणि बीटा तुकड्यांना सायक्लिक ए.एम.पी.ने जागं केलेलं प्रोटीन कायनेज ए फॉस्फेट जोडतं. तसं झालं की या एन्झाइमला पूर्वीपेक्षा कमी कॅल्शियम पुरतं. ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनॅलिन एकत्र आले तर परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा जास्त का होतो, याचं एक कारण हे. दुसरं असं की प्रोटीन कायनेज ए आय.पी.-थ्री रिसेप्टरलाही फॉस्फेट जोडतं आणि तो अधिक संवेदनशील होतो. म्हणजे दोन रस्ते समांतर नाहीत, ते ठिकठिकाणी एकमेकांना मिळतात. पुस्तकातल्या आकृतीत दोन वेगळ्या रंगांचे बाण असतात, त्यामुळे हे मनात उतरत नाही.

तरीही ते एकच नाहीत, आणि तुझ्या ‘कशाला’चं उत्तर इथे आहे. श्रावणात कुणी दिवसभर कडक उपास केला, तर रक्तातली साखर उतरू लागते, ग्लुकागॉन वाढतं. यकृतात ग्लायकोजन असतं साधारण शंभर ग्रॅम. एक दिवसाच्या उपाशीपणात ते बहुतेक संपतं. म्हणून ग्लुकागॉनला दूरचा विचार करावा लागतो. ते प्रोटीन कायनेज ए मार्फत ग्लुकोज जाळायला चालना देणारं फ्रुक्टोज २,६-बिसफॉस्फेट घटवतं, पायरुवेट कायनेज मंदावतं, आणि पेशी ग्लुकोज जाळण्याऐवजी लॅक्टेट आणि अमिनो आम्लांपासून नवा ग्लुकोज बनवायला लागते. पुढे जनुकांच्या पातळीवरही ते तीच दिशा पक्की करतं.

आता कोंडाईबारी घाटात वळणावर समोरून ट्रक अंगावर आला असं समज. मज्जातंतूंतून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि अधिवृक्क ग्रंथीतून अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं. इथे उद्याची तरतूद करायला वेळ नाही. साखर आत्ता हवी, आणि हे काम करायला यकृताच्या पेशीला स्वतःलाही ऊर्जा आत्ता हवी. कॅल्शियमचा मार्ग ही दोन्ही कामं एका उसळीत करतो. साठ्याला खेटून बसलेल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये कॅल्शियम शिरतं आणि तीन एन्झाइम्सना चालना मिळते: पायरुवेट डिहायड्रोजनेजला तिच्या फॉस्फेटेजमार्फत, आयसोसायट्रेट डिहायड्रोजनेजला आणि अल्फा-कीटोग्लुटारेट डिहायड्रोजनेजला थेट. एन.ए.डी.एच. वाढतं, त्यातून ए.टी.पी., म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, तयार होतं. १९९५च्या प्रयोगांत हेही दिसलं, की कॅल्शियम हळूहळू चढवून वर धरून ठेवलं तर मायटोकॉन्ड्रिया फारशी दाद देत नाहीत. उसळी आली की लगेच देतात. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत सुंदर निष्कर्ष वाटतो. पेशीच्या आतली यंत्रणाच लयीसाठी घडवलेली आहे.

व्हॅसोप्रेसिनबद्दल जपून. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, शेतात राबणाऱ्याच्या अंगातलं पाणी आटतं, व्हॅसोप्रेसिन वाढतं. मग त्याचं यकृत ग्लायकोजन तोडायला लागतं का? विद्यार्थी असा तर्क उत्साहाने मांडतात, पण तो टिकत नाही. तहानेच्या वेळी रक्तात असतं तेवढं व्हॅसोप्रेसिन मूत्रपिंडाला पुरतं. यकृताच्या पेशीत ठळक उसळ्या यायला त्याहून बरंच जास्त लागतं, आणि तेवढं ते मोठ्या रक्तस्रावात किंवा शॉकमध्ये वाढतं. त्या वेळी अँजिओटेन्सिनही सोबत असतं आणि यकृताने साखर सोडणं जिवावरच्या प्रसंगात उपयोगी ठरतं. उन्हात राबणाऱ्याला मीठ-साखर-पाणी वेळेवर द्यावं, त्यासाठी यकृताचं स्पष्टीकरण लागत नाही.

एक गोष्ट अनेकांच्या वाचनात येत नाही. अखंड यकृतात उसळी एका पेशीपुरती राहत नाही. शेजारच्या पेशी गॅप जंक्शन या बारीक वाटांनी जोडलेल्या असतात आणि लाट यकृताच्या खंडिकेतून, म्हणजे त्याच्या एका लहान घटकातून, पुढे सरकते. व्हॅसोप्रेसिन दिलं तर ती मध्यशिरेजवळ (खंडिकेच्या मधल्या, रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेजवळ) सुरू होऊन प्रवेशिकेच्या (रक्त आत आणणाऱ्या शिरेच्या) बाजूला जाते, कारण मध्यशिरेजवळच्या पेशींवर त्याचे रिसेप्टर जास्त असतात. म्हणजे सुट्या केलेल्या पेशींवरचा प्रयोग कितीही नेटका असला तरी तो यकृताची अर्धीच हकिगत सांगतो.

थांबवण्याची बाजू थोडक्यात. जेवण झालं, साखर चढली, की ग्लुकोज स्वतःच फॉस्फोरायलेजला चिकटतो आणि त्यावरचा फॉस्फेट फॉस्फेटेजच्या हाती लागेल असा उघडा करतो. यकृताला साखर वाढल्याचं कळण्याचा हा सरळ मार्ग, त्याला हार्मोनही लागत नाही. इन्सुलिन त्यात भर घालतं, सायक्लिक ए.एम.पी. मोडणारं एन्झाइम जागं करतं. कॉर्टिसॉल आणि थायरॉइड हार्मोन ही मंद चालीची. ती मिनिटांच्या खेळात नसतात, पण रिसेप्टर किती आणि कुठल्या जातीचे असावेत हे बऱ्याच अंशी ती ठरवतात.

हे फक्त पुस्तकी नाही. लहान मूल, बहुतेक वेळा मुलगा, पोट फुगलेलं, यकृत हाताला लागणारं, वाढ मागे पडलेली, सकाळी उपाशीपोटी लघवीत कीटोन: अशा मुलात फॉस्फोरायलेज कायनेजचाच दोष असू शकतो. त्याच्या अल्फा तुकड्याचं यकृतातलं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून मुलगे जास्त. ग्लायकोजन साठण्याच्या आजारांपैकी हा नववा प्रकार, आणि वाढत्या वयाबरोबर बहुतेकांमध्ये तो सौम्य होत जातो. थोड्या थोड्या वेळाने खाणं, झोपताना कच्चं कॉर्नस्टार्च, प्रथिनं पुरेशी, अशी काळजी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घेतात. अशा मुलाला आमच्याकडे कित्येकदा फक्त जंताचं औषध मिळतं, आणि ते मला सहन होत नाही. बालरोगतज्ज्ञांना या दोषाची शंका यावी एवढ्यासाठी तरी हा धडा नीट शिकवला गेला पाहिजे.

शेवटी, शोधनिबंध वाचायला घेशील तेव्हा काही गोष्टी आधी पाहा. प्राणी कुठला आणि वय किती: प्रौढ नर उंदरात अ‍ॅड्रेनॅलिनचा जोर अल्फा-वन वर असतो, पिल्लांत बीटा रिसेप्टरवर, आणि माणसाच्या यकृतात दोन्ही कामाला येतात. एकाच वाक्यात ‘अ‍ॅड्रेनॅलिन यकृतात असं करतं’ म्हणणारं पुस्तक यातलं काहीतरी गाळतंच. मग आडवा अक्ष: सेकंदांचा आहे की तासांचा. मग एक पेशी की अनेक. पेशी कोलॅजिनेजने (पेशींमधलं जाळं विरघळवणाऱ्या एन्झाइमने) सुट्या केल्या असतील तर आधी कॅल्शियमविरहित द्रावण फिरवलेलं असतं, कारण पेशींचे आपसातले सांधे कॅल्शियमवर टिकतात. नंतर कॅल्शियम परत दिलं का आणि पेशींना सावरायला वेळ दिला का, हे पद्धतीच्या परिच्छेदात असतं. आणि हार्मोन किती दिलं ते रक्तातल्या प्रमाणाशी ताडून बघ. तुझ्याकडे फ्युरा-टू (कॅल्शियम दाखवणारा चमकणारा रंग) वापरण्याची सोय असेल तर मोजमाप एकेका पेशीचं कर, क्युव्हेटमधल्या गर्दीचं करू नकोस.